वाचकांचे प्रश्न : बागेतल्या यंत्रांसाठी पेट्रोल घरी ठेवताना

पावसाळा सरत आला की नाशिक परिसरातल्या बंगल्यांच्या आवारात, सोसायट्यांच्या हिरवळीवर आणि मळ्यांच्या बांधांवर ग्रास कटरचा आवाज सुरू होतो, आणि त्याच सुमारास या सदराकडे पेट्रोलच्या साठवणीविषयीची पत्रे येऊ लागतात. त्यांतली काही पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत. पहिल्या उत्तरात जे सविस्तर आले आहे ते पुढे पुन्हा सांगितलेले नाही, म्हणून ते सर्वांनीच वाचावे.

प्रश्न : आमच्या बंगल्याभोवती पाच गुंठ्यांची बाग आहे. ग्रास कटर आणि मेंदीचे कुंपण छाटण्याचे यंत्र ही दोन्ही पेट्रोलवर चालतात. वारंवार पंपावर जावे लागू नये म्हणून पाच लिटर पेट्रोल खाद्यतेलाच्या रिकाम्या, जाड प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरून जिन्याखालच्या कोठीत ठेवतो. तिथेच इन्व्हर्टर आहे. कॅन कधी गळलेला नाही, तरी कोठीचे दार उघडले की वास येतो. यात धोका आहे का? — एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : धोका आहे, आणि आपल्याला येणारा वास हाच त्याचा पुरावा आहे. कॅन गळत नसला तरी त्यातून वाफ बाहेर पडते आहे, आणि पेट घेते ती मुळात पेट्रोलची वाफच. उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या थंडीतही पेट्रोलवर ठिणगीने पेटण्याइतकी वाफ जमते. मग नाशिकच्या कडाक्याच्या थंडीतल्या पहाटेचीही काय कथा! ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते, त्यामुळे ती वर जाऊन विरत नाही, तर फरशीलगत पसरते, दाराखालच्या फटीतून पुढे सरकते आणि खोलगट जागी साचते. हवेत तिचे प्रमाण साधारण दीड टक्क्याच्या आत-बाहेर पोहोचले की एक ठिणगी पुरते. याचा अर्थ असा की अर्धा कप पेट्रोल सांडून पूर्ण उडून गेले, तर जिन्याखालच्या लहानशा कोठीतली एक ते दीड घनमीटर हवा भडका उडण्याजोगी होऊ शकते.

आता त्या कोठीत ठिणगी कुठून येणार, हेही पाहू. दिवे गेले की इन्व्हर्टर आपोआप चालू होतो, आणि त्या क्षणी त्याच्या आतल्या रिलेवर बारीक ठिणगी पडते. बॅटरी चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो तो वेगळाच. दिव्याचे बटण, फ्रीज, पाणी चढवण्याच्या मोटारीचा स्टार्टर, गॅस गिझर आणि देवघरातली समई हे सगळे याच यादीतले आहेत. म्हणून राहत्या घरात, जिन्याखाली, माळ्यावर किंवा घराला जोडलेल्या गॅरेजमध्ये पेट्रोल ठेवू नये. जिन्याखालची जागा तर सर्वांत वाईट, कारण आग लागली की घरातल्यांची खाली येण्याची वाटच बंद होते.

कायद्याचे म्हणणेही स्पष्ट आहे. पेट्रोलियम अधिनियम, १९३४ नुसार विक्रीसाठी नसलेले पेट्रोल ताब्यात एकूण ३० लिटरपर्यंत असेल तर परवाना लागत नाही. मात्र ते घट्ट बुचाच्या काचेच्या, चिनी मातीच्या किंवा धातूच्या भांड्यातच ठेवले पाहिजे. काचेचे व चिनी मातीचे भांडे एक लिटरपेक्षा आणि धातूचे २५ लिटरपेक्षा मोठे नसावे. प्लास्टिकचे नाव या यादीत नाही. काचेला कायद्याची मुभा असली तरी माझा सल्ला काच वापरू नये असाच आहे, कारण फरशीवर पडलेल्या बाटलीतले लिटरभर पेट्रोल कोणालाही आवरत नाही. लाल रंगाचे जे प्लास्टिकचे कॅन ऑनलाइन मिळतात ते परदेशांतल्या नियमांना धरून बनवलेले असतात. ब्रिटनमध्ये, उदाहरणार्थ, दहा लिटरपर्यंतच्या योग्य प्लास्टिक कॅनला मान्यता आहे, पण ती सवलत आपल्याकडच्या कायद्यात नाही. खाद्यतेलाचा कॅन तर कोणत्याच देशाच्या नियमात बसणार नाही. त्याच्या झाकणाला पेट्रोल सहन होणारे रबर नसते, आणि कालांतराने प्लास्टिकही मऊ पडते.

आपण पाच लिटरचा, आट्याचे झाकण व आत रबरी वायसर असलेला पत्र्याचा जेरीकॅन घ्यावा. तो काठोकाठ भरू नये. पाच लिटर पेट्रोल २० अंशांनी तापले तर जवळजवळ १०० मिलिलिटरने फुगते, आणि त्या फुगण्याला जागा हवी. वीस भागांत एक भाग रिकामा ठेवला म्हणजे पुरते. हा कॅन घरापासून सुट्या असलेल्या, सावलीतल्या, कुलपाच्या लोखंडी पेटीत ठेवावा. पेटीला वर आणि विशेषतः तळाशी जाळीची झरोके असावीत, कारण जड वाफ तळातूनच बाहेर पडते. ही पेटी आवारातल्या गटाराच्या झाकणाजवळ किंवा बोअरच्या मोटारीच्या बोर्डाजवळ नसावी.

आणि एक विचारतो: पाच गुंठ्यांच्या बागेला पाच लिटर लागतेच कशाला? ग्रास कटरची टाकी बहुधा एक-सव्वा लिटरची असते. दोन लिटर आणून महिन्याभरात संपवणे हे पेटी, कुलूप आणि झरोके या सगळ्यांहून मोठे संरक्षण आहे.

प्रश्न : आमच्या सोसायटीत हिरवळ कापण्याचे यंत्र आहे. माळी त्याचे पेट्रोल विजेच्या मीटरच्या खोलीत ठेवत असे. सभासदांनी हरकत घेतल्यावर आता ते तळघरातल्या पार्किंगमध्ये, जनरेटरच्या डिझेलशेजारी हलवले आहे. हे चालेल का? — सचिव, एक गृहनिर्माण संस्था, इंदिरानगर

उत्तर : सभासदांची हरकत योग्य होती, पण निवडलेली नवी जागा आगीतून फुफाट्यात पडण्यासारखी आहे. जड वाफेला तळघरातून बाहेर पडायला वाट नसते. ती फरशीवर साचून राहते, आणि तिथे दिवसभर गाड्या सुरू होत असतात. गाड्यांच्या टाक्यांत पेट्रोल असतेच की, असे काही सभासद म्हणतील. परंतु गाडीची टाकी बंद असते, तिची वाफ कोळशाच्या फिल्टरमध्ये शोषली जाते, आणि टाकीतून नरसाळ्याने पेट्रोल ओतण्याचा उद्योग तिथे कोणी करत नाही. सांडते ते ओतताना.

डिझेलशेजारी ठेवण्यात दुहेरी अडचण आहे. आपल्याकडच्या डिझेलचा ज्वलनबिंदू, म्हणजे ठिणगीने पेटण्याइतकी वाफ ज्या तापमानाला जमते ते तापमान, किमान ३५ अंश आणि पेट्रोलचा शून्याच्या कितीतरी खाली, त्यामुळे डिझेलसाठी पुरेशी वाटणारी काळजी पेट्रोलला पुरत नाही. शिवाय एकसारख्या कॅनमध्ये दोन्ही असली की एक दिवस जनरेटरमध्ये पेट्रोल पडते. रंग वेगळे ठेवावेत आणि कॅनवर मोठ्या मराठी अक्षरांत नाव रंगवावे. कागदी चिठ्ठी पेट्रोलने भिजून निघून जाते.

पेट्रोल इमारतीबाहेर, आवाराच्या भिंतीलगत सावलीत, मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर, कुलपाच्या लोखंडी पेटीत ठेवावे. किल्ली माळ्याकडे आणि कार्यालयात अशी दोनच ठिकाणी असावी. जवळ, पण पेटीला अगदी चिकटून नव्हे, एबीसी पावडरचे अग्निशामक नळकांडे टांगावे आणि कोरड्या वाळूची बादली ठेवावी. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतली अग्निसुरक्षेची साधने चालू स्थितीत ठेवणे ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी असते. तेव्हा माळ्याने काय केले ते आम्हाला ठाऊक नव्हते, असे म्हणून कार्यकारी समितीची सुटका होणार नाही.

प्रश्न : द्राक्षबागेच्या शेडमध्ये फवारणी पंप, ब्रश कटर, वीस लिटर पेट्रोल आणि एक ड्रम डिझेल असते. त्याच शेडमध्ये खते, गंधक आणि पाण्यात टाकायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर ठेवतो. शेड पत्र्याची असून एप्रिलच्या खरड छाटणीच्या वेळी आत उभे राहवत नाही. साठा कायद्यात बसतो. आणखी काही पाहावे का? — एक शेतकरी, दिंडोरी

उत्तर : साठा कायद्यात बसतो हे खरे. वीस लिटर पेट्रोल धातूच्या कॅनमध्ये असेल तर परवाना लागत नाही. आणि डिझेल एका ठिकाणी एकूण २,५०० लिटरपर्यंत, कोणतेही भांडे १,००० लिटरपेक्षा मोठे नसल्यास, परवान्याशिवाय ठेवता येते. पण आपल्या पत्रातली काळजीची बाब साठा किती आहे ही नसून त्याचे शेजारी कोण आहेत ही आहे.

१३:०:४५ म्हणून आपण ड्रिपमधून सोडता ते पोटॅशियम नायट्रेट होय. कॅल्शियम नायट्रेटही बहुतेक बागाईतदारांच्या शेडमध्ये असते. ही खते स्वतः जळत नाहीत, पण आगीला ऑक्सिजन पुरवतात. म्हणजे हवा न मिळाल्याने जी आग दबली असती तीही नायट्रेटच्या सान्निध्यात भडकत राहते. गोणीवर पेट्रोल किंवा डिझेल सांडले आणि ती तशीच राहिली तर इंधन आणि ऑक्सिजन एकाच गोणीत आले. अशी भिजलेली गोणी वापरात घेऊ नये आणि शेडमध्येही ठेवू नये. ती ताबडतोब उघड्यावर, इतर मालापासून दूर न्यावी. टीसीएल पावडर त्याहून लहरी आहे. तिला तेल, ग्रीस किंवा इंधन लागले तर ती आपली आपण तापून पेट घेऊ शकते, ठिणगीची वाट पाहत नाही. भुरी रोगासाठी ठेवलेले गंधक निळ्या ज्योतीने जळते आणि त्यातून गुदमरवणारा सल्फर डायऑक्साइड निघतो. आग विझवायला आत धावणारा माणूस त्या धुरानेच कोसळतो.

म्हणून इंधन या तिघांपासून वेगळ्या छपराखाली हवे. वेगळे कपाट किंवा मधे उभा केलेला पत्रा पुरेसा नाही. चार बाजूंनी मोकळे, वर गवताऐवजी सिमेंटचा पत्रा असलेले आणि पश्चिमेच्या उन्हापासून आडोसा असलेले लहान छप्पर खर्चिक होत नाही. खाली कडेने चार बोटे उंचीचा सिमेंटचा कठडा करावा, म्हणजे कॅन लवंडला तरी पेट्रोल विहिरीच्या किंवा पाटाच्या दिशेने वाहणार नाही. आजूबाजूचे वाळलेले गवत आणि छाटलेल्या काड्यांचे ढीग हटवावेत. खरड छाटणीनंतर काड्या बांधावर जाळण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. त्या दिवसांत तर वाऱ्याची दिशा पाहिल्याशिवाय इंधनाच्या कॅनचे झाकणही उघडू नये.

प्रश्न : पावसाळ्यात वापरलेला ग्रास कटर डिसेंबरमध्ये काढला तर सुरूच होईना. टाकीत ऑइल मिसळलेले पेट्रोल तसेच होते आणि कॅनमध्येही दोन लिटर उरले आहे. मेकॅनिकने कार्बोरेटर बदलायला सांगितला. पेट्रोल खरेच शिळे होते का, आणि उरलेल्याचे काय करावे? — एक निवृत्त वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : होते. पेट्रोलमधले सहज उडून जाणारे घटकच थंड इंजिन पेटवतात, आणि तेच आधी उडतात. चार-पाच महिन्यांनी मागे राहते ते जड पेट्रोल थंडीच्या सकाळी पेट घ्यायला कुरकुरते. त्यातले काही घटक हवेशी संयोग पावून चिकट राळ बनवतात आणि कार्बोरेटरची बारीक छिद्रे बुजवतात.

यात इथेनॉलची भर आहे. आता पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि इथेनॉल पाणी ओढते. थोडे पाणी ते सामावून घेते; पण सैल झाकणातून पावसाचे थेंब गेले किंवा अर्धवट रिकाम्या टाकीच्या आतल्या बाजूला दव धरले आणि मर्यादा ओलांडली गेली, की इथेनॉल व पाणी मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि तळाशी बसतात. टू-स्ट्रोक यंत्राला हे विशेष घातक आहे, कारण वंगणाचे ऑइल वरच्या थरात राहते, तर टाकीतली शोषनळी तळाशी असते. इंजिन ऑइलविना चालते आणि पिस्टन जाम होतो.

आपल्या उरलेल्या पेट्रोलची परीक्षा सोपी आहे. उघड्यावर, सावलीत, स्वच्छ काचेच्या लहान बाटलीत तळातले थोडे पेट्रोल काढून ती काही वेळ स्थिर ठेवावी. टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनासाठी पेट्रोलमध्ये मिसळायच्या, ऑइलला रंग असतो. वरचा भाग रंगीत आणि खाली फिकट, पाण्यासारखा थर दिसला तर ते फुटलेले आहे. थर नसला, पण रंग गडद होऊन जुन्या वॉर्निशसारखा वास येत असला, तरीही ते यंत्रात घालू नये. कार्बोरेटर बदलण्यापूर्वी तो उघडून साफ करून, ताजे मिश्रण घालून पाहायला मेकॅनिकला सांगावे. आतला पातळ पडदा कडक झाला असेल तर तेवढाच बदलून भागते. सबंध कार्बोरेटर बदलण्याची घाई मेकॅनिकला असते, आपल्याला नसावी.

उरलेले दोन लिटर मोरीत, गटारात किंवा झाडांच्या बुंध्याशी ओतू नये. गटारातल्या वाफेने चेंबरमध्ये स्फोट होऊ शकतो, आणि इथले नाले वालदेवीला किंवा नासर्डीला, म्हणजे शेवटी गोदावरीलाच मिळतात. पाला पेटवण्यासाठी तर ते मुळीच वापरू नये. भाजण्याचे कितीतरी अपघात त्यातूनच होतात. घट्ट बंद कॅनमध्ये, आत काय आहे ते लिहून, जळके ऑइल अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी देणाऱ्या मोठ्या गॅरेजला विचारून तिथे द्यावे.

यापुढे मिश्रण महिन्याभरात संपेल एवढेच करावे. प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेत असते : ५०:१ सांगितले असेल तर लिटरला २० मिलिलिटर ऑइल, ४०:१ असेल तर २५ आणि २५:१ असेल तर ४०. आधी ऑइल, मग पेट्रोल घालून कॅन बंद करावा व हलवावा, आणि कॅनवर मिसळल्याची तारीख लिहावी. हंगाम संपला की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होतो.

प्रश्न : पंपावर बाटलीत पेट्रोल देत नाहीत. मग यंत्रासाठी न्यायचे कसे? स्कूटरच्या पायदानावर कॅन ठेवून नेले तर चालेल का? — एक वाचक, पंचवटी

उत्तर : बाटलीत न देणारा पंप आपल्या हिताचेच करतो आहे. बंद होणारा धातूचा कॅन नेला आणि कारण सांगितले तर पुष्कळ पंपांवर पेट्रोल मिळते. भरताना कॅन गाडीवर किंवा डिकीत न ठेवता जमिनीवर ठेवावा आणि नोझल कॅनच्या तोंडाला टेकलेले राहू द्यावे. वाहत्या पेट्रोलमुळे स्थिर विद्युत साचते. ती जमिनीत उतरली नाही तर तोंडापाशीच ठिणगी पडू शकते. स्कूटरच्या पायदानावर पायांच्या मध्ये कॅन नेणे टाळावे, कारण गाडी घसरली तर पेट्रोल अंगावर येते. चारचाकीच्या डिकीत कॅन उभा, पक्का बांधून, काच थोडी खाली ठेवून सरळ घरी आणावा; वाटेत भाजीसाठी गाडी उन्हात लावून जाऊ नये. एसटीतून पेट्रोल नेण्यास मनाई आहे.

यंत्रात पेट्रोल घालण्याचे नियमही इथेच सांगतो. इंजिन बंद करून दहा मिनिटे थंड होऊ द्यावे, उघड्यावरच भरावे, सांडलेले पुसून वाळू द्यावे, आणि भरल्या जागेपासून किमान दहा फूट दूर जाऊन मगच दोरी ओढावी. पेट्रोलने पेट घेतलाच तर पाणी मारू नये. पेट्रोल पाण्यावर तरंगत आग पुढे नेते. पेटता कॅन उचलून बाहेर फेकण्याचा मोह अनेकांना होतो, आणि हात-पाय भाजतात ते त्यामुळे. पावडर किंवा वाळू टाकावी, आणि पहिल्या प्रयत्नात आग आटोक्यात आली नाही तर सर्वांना बाहेर काढून १०१ किंवा ११२ वर कळवावे.

प्रश्न : आमचा माळी मिश्रण मिनरल वॉटरच्या बाटलीत ठेवतो आणि कधीकधी नळीने तोंडाने ओढून टाकीत घालतो. घरात तीन वर्षांचा नातू आहे. माळीकाकांना कसे समजावू, आणि मुलाने घोटभर प्यायलेच तर काय करावे? — एक आजी, सिडको

उत्तर : समजावण्याआधी ती बाटली आजच घरातून बाहेर काढावी. टू-टी ऑइल घातलेले पेट्रोल सरबतासारखे रंगीत दिसते, आणि तहानलेल्या मुलाला बाटली ओळखीची वाटते. माळीकाकांना लहान पत्र्याचा कॅन, नरसाळे आणि हाताने दाबण्याचा साधा पंप आणून द्यावा. पर्याय हातात असला की उपदेश फारसा करावा लागत नाही. तोंडाने ओढताना पेट्रोलचा थेंब श्वासनलिकेत गेला तर फुप्फुसांना सूज येते, हे मात्र त्यांना जरूर सांगावे.

मुलाच्या पोटात पेट्रोल गेल्याचा संशय आला तर उलटी करवू नये. मिठाचे पाणी पाजू नये, घशात बोट घालू नये, दूधही देऊ नये. पोटातल्या पेट्रोलपेक्षा उलटीबरोबर फुप्फुसांत जाणारे पेट्रोल अधिक घातक असते. भिजलेले कपडे काढून अंग साबणाने धुवावे, बाटली सोबत घ्यावी आणि लगेच रुग्णालय गाठावे. मूल हसत-खेळत असले तरी नेलेच पाहिजे, कारण खोकला व धाप काही तासांनीही सुरू होऊ शकते, आणि तेवढा वेळ ते डॉक्टरांच्या नजरेखाली असावे लागते. काढलेले कपडे घरात वाळत घालू नयेत. ते बाहेर मोकळ्या हवेत ठेवावेत आणि वास पूर्ण गेल्याशिवाय वॉशिंग मशीनमध्ये टाकू नयेत.